हात ताईचे, तोंड धाकटीचं

शनिवारी सकाळी दहाला चित्रकलेचा वर्ग असायचा आणि साडेनऊलाच धाकटी नेलपॉलिशची बाटली घेऊन ताईसमोर बसायची.

"हात दे."

ताई हात पुढे करायची. बावन्न वर्षांच्या बाईने नखं रंगवून घ्यायला असे हात पुढे करायचे, याचा तिला दर शनिवारी नव्याने संताप यायचा. पण धाकटीचं म्हणणं बिनतोड होतं. वर्ग सुरू होताना पडद्यावर धाकटी दिसायची. हसायची, हात हलवून सगळ्यांची चौकशी करायची. मग दुसरा कॅमेरा सुरू व्हायचा आणि टेबल वरून दिसायला लागायचं. टेबलावर टेपने चिकटवलेला कागद, रंगांची ताटली, पाण्याचे दोन ग्लास आणि चित्र काढणारे दोन हात असायचे. ते हात ताईचे होते. आधीच्या हातांना गुलाबी नखं आणि नंतरच्या हातांना कोरी, असं कसं चालेल? म्हणून दोघींना एकच नेलपॉलिश, आणि दोघींच्या बोटांत एकसारखी अंगठी.

एकशे चाळीस माणसं तो वर्ग ऑनलाइन बघायची. त्यांना वाटायचं, ही एकच बाई आहे. गोड बोलते, आणि बोलता बोलता ब्रशच्या चार फटकाऱ्यांत आभाळ उभं करते.

ताई लहानपणापासून बोलताना अडखळायची. साधं अडखळणं नव्हे ते. कपाट जिन्यात अडकावं तसा शब्द तिच्या घशात आडवा व्हायचा. ना वर, ना खाली. समोरचा माणूस आधी हसायचा, मग कासावीस व्हायचा, मग घड्याळ बघायचा. तिच्याहून सहा वर्षांनी लहान असलेली धाकटी मात्र बोलायला लागली ती थांबलीच नाही. दुकानात ताई 'नि' म्हणेपर्यंत धाकटी "निळी रिबीन द्या" म्हणून मोकळी झालेली असायची. ताईला निळसर हिरवी हवी असायची, पण तेवढं कोण ऐकतो? आई असताना म्हणायची, बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही. म्हणायची ताईला, आणि बघायची धाकटीकडे.

ताईला नोकरी मिळाली ती न बोलता करायची. कापडगिरणीच्या नक्षी विभागात ती बावीस वर्षं होती. चादरींवर, पडद्यांवर, लहान मुलांच्या कपड्यांवर छापायची फुलंपानं ती जलरंगात काढून द्यायची. मग गिरणीने ते काम कॉम्प्युटरवर नेलं आणि ताई घरी बसली. तेव्हा धाकटी एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. "मी तुमची अडचण समजू शकते" हे वाक्य दिवसातून दोनशे वेळा म्हणून म्हणून तीही विटली होती. तिचा नवरा जहाजावर, वर्षातले दोन महिने घरी. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत एरवी दोघी बहिणीच.

"ताई, आपण ऑनलाइन चित्रकला शिकवू या," धाकटी म्हणाली होती. "तू काढ, मी बोलते."

खरं सांगायचं तर तेव्हा ताईचे डोळे भरून आले होते.

पहिल्या वर्गाला आठजण होते. हे हात माझ्या बहिणीचे, असं धाकटी सांगणारच होती. पण तेवढ्यात कुणीतरी लिहिलं, 'किती हलका हात आहे तुमचा!' आणि धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "धन्यवाद." तो एक धन्यवाद पुढे चार वर्षं पुरला.

ताईने चालवून घेतलं. लोक शिकतायत ना, मग नाव कुणाचं का असेना, असं ती स्वतःला समजावायची. धाकटी चित्रकलेत उंटावरून शेळ्या हाकायची, पण हाकायची छान. ताई आदल्या दिवशी सगळं कागदावर लिहून द्यायची. कुठला रंग, किती पाणी, कधी थांबायचं. धाकटी ते अशा काही रसाळपणे वाचायची की ताईलाच वाटायचं, अरे वा, मला एवढं येतं?

पहिली ठिणगी पडली ती गेल्या वर्षी. वर्गातल्या एका परिचारिकेने विचारलं, "तुम्ही हे शिकलात कुठे?"

हे काही कागदावर लिहून दिलेलं नव्हतं. धाकटी म्हणाली, "मी बावीस वर्षं कापडगिरणीत होते."

ताईचा ब्रश हवेतच राहिला.

"माझी पहिली नक्षी छापून आली ना, बारीक निळी फुलं होती," धाकटी सांगत होती. "एकदा बसमध्ये एका बाईच्या मांडीवर बाळ होतं. त्याच्या अंगात तेच कापड! मी बघतच बसले. माझा थांबा मागे गेला तरी कळलं नाही. रडलेच मी."

बस खरी, बाळ खरं, फुलंही खरी. फक्त त्या बसमध्ये धाकटी नव्हती. आणि ताई रडलीबिडली नव्हती, उलट तीन थांबे पुढे जाऊन हसत हसत पायी परत आली होती. ब्रशमधून निळ्या रंगाचा मोठा थेंब तयार आभाळावर पडला.

"आणि बघा हं," धाकटी तेवढ्याच गोडव्याने म्हणाली, "असा थेंब पडला तरी घाबरायचं नाही!"

वर्ग संपल्यावर ताईने वहीतल्या पानावर लिहिलं, 'ती गोष्ट माझी होती,' आणि पान धाकटीपुढे आपटलं. रागात असली की ती लिहायची. बोलण्याची वाट बघण्याइतका रागाला दम नसायचा.

"अगं, मग काय सांगू?" धाकटी म्हणाली. "बहीण होती गिरणीत म्हटलं, तर विचारतील बहीणच का नाही शिकवत. देऊ मग उत्तर?"

ताईने वही मिटली. पण त्या दिवसापासून धाकटीचा आवाज कानावर पडला की तिचं डोकं तापायचं. धाकटी 'मी' म्हणाली की तर फारच.

मग वर्गात किल्लीवाला आला.

पडद्यावर स्वतःच्या नावाच्या जागी त्याने तेच लिहिलं होतं, किल्लीवाला. टपरीएवढं दुकान, मागे भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, समोर किल्ल्या घासायचं यंत्र. त्या यंत्रावर पाटी टाकून तो चित्रं काढायचा. पंचेचाळिशीचा असेल. चित्रं पाठवायचा ती ताई रात्रीच्या जेवणाआधी एकेक बघायची. इमारती सुरेख, खिडक्या जिथल्या तिथे; पण प्रत्येक आभाळात पांढुरके, दातेरी कडांचे डाग. फुलकोबीचे गड्डे उगवल्यासारखे.

तिसऱ्या आठवड्यात त्याने हात वर केला.

"बोला बोला!" धाकटी म्हणाली.

"म-माझ्या आ... आभाळात," किल्लीवाला म्हणाला, "प... प... प..."

ताईने मान वर केली. त्याचे डोळे मिटले होते, हनुवटी थरथरत होती. जिन्यात अडकलेलं कपाट तिला लांबूनही ओळखू आलं असतं.

"पेन्सिल दिसते?" धाकटी म्हणाली.

त्याने मान हलवली. "प... प..."

"पॅलेट? पांढरा रंग? पिवळा?" कोडी सोडवायचा खेळ चालल्यासारखं धाकटी हसत होती. पडद्यावर दोघातिघांनी हसरे चेहरे टाकले. वाईट मनाने नव्हे, बाई हसतेय म्हणून. "पाणी! पाणी ना? हां, डाग पडतात. मग सोप्पं आहे, डागावर अजून थोडं पाणी सोडा, पसरून जाईल. चला, पुढे!"

किल्लीवाल्याने तोंड मिटलं. थोड्या वेळाने त्याच्या चौकोनात अंधार झाला.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर उत्तर साफ चुकीचं होतं. डाग पडतोच मुळी अर्धवट सुकलेल्या रंगावर जास्तीचं पाणी गेल्याने. त्यात अजून पाणी म्हणजे आगीत तेल. पण ती गोष्ट वेगळी. संध्याकाळी तिने वहीत लिहून दिलं, 'त्याला पुरं बोलू दे. मध्ये तोडू नकोस. आणि उत्तर दुरुस्त कर.'

धाकटीने वाचलं. "ताई, एकशे चाळीस लोक ताटकळत असतात. मी त्याला मदतच केली ना?"

'मदत नाही,' ताईने लिहिलं. दोनदा अधोरेखित केलं. धाकटीने पान उलटलं आणि जहाजावर फोन लावला.

पुढच्या शनिवारी त्याने पुन्हा हात वर केला. ताईला त्या माणसाच्या हिमतीचं आश्चर्य वाटलं. एवढा पाणउतारा झाल्यावर ती स्वतः जन्मात हात वर करती ना.

"मी... ते प-पाणी सोडलं," तो म्हणाला, "तर अ... अजून... वा... वा..."

"वाळत नाही?"

"न-नाही. वा... वा..."

"वास येतो?" धाकटी म्हणाली आणि स्वतःच हसली. मग तिचा आवाज फोनवरच्या नोकरीतला झाला, तुपात घोळलेला. "मी तुमची अडचण समजू शकते. असं करा, तुम्ही मला लिहून पाठवा. बाकीच्यांचा वेळ जातोय ना?" आणि तिने बटण दाबून त्याचा आवाज बंद केला. चौकोनात त्याचे ओठ अजून हलत होते. आपला आवाज जात नाहीये, हे त्याला कळलंच नव्हतं.

ताईने ब्रश खाली ठेवला. मग टेबलावरचा कॅमेऱ्याचा फोन दांडीसकट धरला आणि आपल्या तोंडाकडे वळवला.

एकशे चाळीस पडद्यांवर चष्मा लावलेली, पिकल्या केसांची, लालबुंद झालेली एक अनोळखी बाई दिसली.

"ह... ह... ह..." ताई म्हणाली.

"ताई!" धाकटी कुजबुजली. मग मोठ्याने हसून म्हणाली, "ही माझी मोठी बहीण, जरा..."

"ग-ग-गप्प!" ताई ओरडली. रागाने जीभ मोकळी होते, असं लोक म्हणतात. साफ खोटं. रागाने कपाट आणखी घट्ट रुतलं. मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं, पण तिने कॅमेरा सोडला नाही. "हे... ह-हात... म... म..."

"माझे आहेत," धाकटीच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

ताईने तिच्याकडे असं बघितलं की धाकटी खुर्चीसकट मागे सरकली.

"म-माझं व... वाक्य," ताई म्हणाली, "म-मी स... संपवीन."

आणि संपवलं. हे हात माझे आहेत, गिरणीत मी होते, चार वर्षं मी लपून शिकवलं. तीन वाक्यांना पाच मिनिटं लागली. कोपऱ्यातला आकडा एकशे चाळीसवरून ब्याण्णववर आला. मग तिने हात लांबवून धाकटीच्या लॅपटॉपवर किल्लीवाल्याचा आवाज सुरू केला.

"व-विचारा," ती म्हणाली. "क-किती का वेळ लागेना."

किल्लीवाल्याने पाटी बाजूला सारली. मग त्याने विचारलं. पाणी सोडल्यावर डाग वाढला, का वाढला? सव्वा मिनिट लागलं. ताईने आधी हाताने दाखवलं, मग सांगितलं. ओल्या कागदावर चकाकी असते. चकाकी आहे तोवर काय करायचं ते करा. ती गेली की हात मागे घ्या आणि पूर्ण सुकू द्या. मधल्या वेळेत ब्रश कागदापेक्षा ओला असला, तर डाग पडणारच. एवढं बोलायला तिला सात मिनिटं लागली. तोवर आकडा एकसष्ट झाला होता.

वर्ग बंद होताच धाकटी उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हात दाखवून अवलक्षण केलंस! समाधान झालं? चार वर्षांचं वाटोळं केलंस पाच मिनिटांत!"

"त-तू त्या माणसाला..."

"मी, मी, मी! सगळं माझ्यावर ढकल! चार वर्षं तू काय डोळे मिटून बसली होतीस? नखं रंगवायला हात कोण पुढे करत होतं?" धाकटीचा आवाज चिरकला. "शाळेत पोरी तुझी नक्कल करायच्या तेव्हा त्यांच्या झिंज्या कोणी उपटल्या? दवाखान्यात तुझं पोट दुखतंय हे कोणी सांगितलं? आईच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टरशी, नर्सशी, सगळ्यांशी कोण बोललं? मला वाटलं नसेल का एखाद्या दिवशी गप्प बसावं? गिरणीतून फोन आला तेव्हासुद्धा मीच..."

ती थांबली. जिभेला हाड नसतं, हे तिला फार उशिरा आठवलं.

"क-कुठला फोन?" ताई म्हणाली.

धाकटी खिडकीकडे वळली.

"क... कुठला फोन?"

"चार वर्षांपूर्वी. तू बाहेर गेली होतीस." धाकटीने मागे वळून बघितलं नाही. "नव्या पोरांना हाताने काढायला शिकवायला माणूस हवं होतं त्यांना. मी सांगितलं, ताईला बोलायचं काम नको. तू रोज तिथून खांदे पाडून यायचीस ताई, मी बघत होते ना. तिथे वीस पोरांपुढे तुला उभं करायचं? हसली असती ती."

"आ-आणि?"

"आणि काय?"

"आ... आ..."

या वेळी धाकटीने वाक्य पुरं केलं नाही. ताईने शब्द बाहेर येईपर्यंत टेबलाची कड धरून ठेवली.

"आ-आणि तुला व-वर्ग काढायचा होता."

ताईने पाण्याचा ग्लास उचलला. तो भिंतीवर फेकावा असं तिला इतकं मनापासून वाटलं की हात वर गेलाही होता. मग तिने तो ठेवला, न्हाणीघरात गेली आणि नखांवरचा गुलाबी रंग खरवडून काढायला लागली. एका नखातून रक्त आलं तेव्हाच थांबली.

सोमवारी ती गिरणीत गेली. नक्षी विभागाचा जुना साहेब निवृत्तीला आला होता. त्याने तिला ओळखलं, बसवलं, पाणी दिलं. ती जागा तेव्हाच भरली होती. "तुम्ही आला असतात तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "आम्हाला बोलणारं माणूस नको होतं हो. बोलणारे इथे ढिगाने आहेत." काचेपलीकडे पाच-सहा मुली कॉम्प्युटरच्या पडद्यांवर फुलं काढत होत्या. फुलं देखणी होती. ताई बघत उभी राहिली, मग निघाली. वाटेत तिला धाकटीचा राग आला, साहेबाचा आला. एकदा फोन करून न थांबता दुसऱ्यांदा का नाही केला? आणि घराचा जिना चढताना स्वतःचा आला. तो सगळ्यांत जड होता. बंद तोंडाचा तिने इतकी वर्षं आडोसा केला होता. बोलता येत नाही हे खरं, पण बोलावं लागत नाही याचं सुखही तिने चाखलं होतं.

दरम्यान लोकांची पत्रं येत होती. 'आमची फसवणूक झाली.' 'आयत्या बिळावर नागोबा कोण, ते आम्ही ठरवू.' एका शिक्षिकेने लिहिलं होतं, 'चार वर्षं जिच्याशी बोलत होते ती बाई चित्रकार नाही, आणि चित्रकार माझ्याशी कधी बोललीच नाही. मी कुणावर विश्वास ठेवायचा?' ताईने ते पत्र दोनदा वाचलं. मग सगळ्यांना उत्तर लिहिलं. माफी मागितली. मी अडखळते, मला वेळ लागतो, तरीही शिकायचं असेल तर शनिवारी दहाला या, असं सांगितलं. कागद धाकटीपुढे ठेवला. "स-सही कर. दोघींची च-चूक आहे."

"माझी चूक नाही," धाकटी म्हणाली आणि सही केली नाही. ताईने एकटीच्या सहीने पत्र पाठवलं.

आलेली माणसं अकरा. परिचारिका आली, किल्लीवाला आला. ती शिक्षिका आली नाही. पहिला वर्ग भयाण गेला. ताई 'अ'वर अडकली ती अडकलीच, आणि अकरा चेहरे पडद्यावर थिजल्यासारखे झाले. तिसऱ्या वर्गापासून लोक ती अडकली की आपापलं काम करत राहायला लागले. कोणी कागद ताणायचं, कोणी ब्रश धुवायचं. किल्लीवाला तर यंत्रावर एखादी किल्लीसुद्धा घासून घ्यायचा. "च-चालू द्या," तो म्हणायचा, "माझं ग-गिऱ्हाईक थांबलंय." ताई हसायची. शिकवताना आपण हसू शकतो, हे तिला नवीन होतं.

घरात मात्र अबोला. ताई टेबल आपल्या खोलीत घेऊन गेली होती. स्वयंपाकघरात दोघी एकमेकींना वाट द्यायच्या, तेवढंच. दीड महिन्याने धाकटीने एका दवाखान्यात नोकरी धरली. चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या नव्या माणसांना लोकांशी बोलायचं कसं, ते शिकवायची. तिने जेवताना ते भिंतीकडे बघत सांगितलं.

"च-चांगलं झालं," ताई म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं. राग तेवढ्याने रतीभरही कमी झाला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतरच्या शनिवारी ती टेबलावर कागद चिकटवत होती. धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"ताई, तो फोन... मी तुला सांगायला हवं होतं."

"ह-हो."

"चुकलं माझं."

ताईने टेपची कड नखाने दाबली. धाकटी ओठ चावत उभी राहिली; एवढा वेळ गप्प उभं राहण्याची तिला सवय नव्हती.

"किती दिवस धरून बसणार आहेस राग?" शेवटी तिने विचारलं.

"म-माहीत नाही," ताई म्हणाली. "ग... गेला की स-सांगीन."

धाकटीने मान हलवली आणि दार ओढून घेतलं. दहाला दोन मिनिटं कमी होती. ताईने ग्लासांत पाणी ओतलं. पडद्यावर एकेक चौकोन उजळायला लागले होते.